हेड्रियनच्या भिंतीलगत, युगांडातील हापशांसाठी

ब्रिटनमध्ये राहू लागल्यावर इथल्या ज्या रीती अंगवळणी पडायला आम्हाला फार वेळ लागला, त्यांत चांगल्या कामासाठी चालून पैसे गोळा करण्याची रीत पहिली. शेजारचे गृहस्थ कर्करोगाच्या संशोधनासाठी धावतात, मुलांच्या शाळेतील शिक्षिका एखाद्या रुग्णालयासाठी डोंगर चढतात आणि ओळखीचे लोक त्यांच्या नावावर पाच-दहा पौंड भरतात. ज्याला द्यायचे आहे त्याने सरळ द्यावे, मध्ये हा घाम कशासाठी, असे आमच्या लेस्टरच्या घरात बरीच वर्षे बोलले जात असे. सोलापूरहून आलेल्या सासूबाईंनी तोच प्रश्न अधिक नेमकेपणाने विचारला. त्या आषाढीची वारी केलेल्या आहेत. "वारीत चालणाऱ्याला लोक जेवू घालतात, पाय चेपून देतात. इथं चालणाराच लोकांकडे पैसे मागतो होय?" असे त्या म्हणाल्या तेव्हा मी हसले खरी, पण तोपर्यंत पाण्याच्या कामासाठी पैसे जमवायला इंग्लंडातील हेड्रियनच्या भिंतीलगत चालायला जायचे आमचे ठरलेले होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

ठरले ते मुलीमुळे. दहावीच्या वयाच्या या मुलीला शाळेत भूगोलाच्या प्रकल्पासाठी पाणी आणि दारिद्र्य असा विषय मिळाला होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त अहवालातील आकडे तिने जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवले. 2022 साली जगातील 70 कोटी 30 लाख लोकांना पिण्याच्या पाण्याची किमान सोयसुद्धा नव्हती. किमान सोय म्हणजे जाऊन, रांगेत थांबून, परत यायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागणार नाही असा सुरक्षित पाणवठा. घरात नळ असावा अशी अटसुद्धा या व्याख्येत नाही. "अर्धा तास म्हणजे जवळच की," असे सासूबाई म्हणाल्या. 1972च्या दुष्काळात त्या शाळकरी मुलगी होत्या आणि पाण्यासाठी किती चालावे लागे हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

पैसे कुणाला द्यायचे यावर मात्र घरात चांगलीच चर्चा झाली. आमचा पहिला विचार सोलापूर जिल्ह्यात पाणलोटाचे काम करणाऱ्या एका लहान संस्थेचा होता. चौकशी केल्यावर कळले की आम्ही भारतीय नागरिक म्हणून स्वतःच्या बचतीतून पैसे पाठवले तर ती गोष्ट वेगळी. पण ब्रिटिश सहकाऱ्यांकडून आणि शेजाऱ्यांकडून जमवलेली रक्कम परकीय योगदान ठरते. ती स्वीकारायची तर संस्थेकडे 2010च्या परकीय योगदान कायद्याखालची नोंदणी हवी, 2020च्या दुरुस्तीनंतर नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत त्यासाठीचे खाते हवे, आणि नोंदणी असलेल्या एका संस्थेने घेऊन दुसरीला वळते करण्याची वाटही त्याच दुरुस्तीने बंद झालेली आहे. त्या संस्थेकडे नोंदणी नव्हती. तेव्हा तिला आम्ही आमचे, घरचे पैसे पाठवायचे आणि लोकांकडून जमेल ते ब्रिटनमधील नोंदणीकृत संस्थेला द्यायचे असे ठरले. "आपल्याकडे काय कमी गरीब आहेत?" असा प्रश्न पुढे फोनवर अनेक नातेवाइकांनी विचारला आणि प्रत्येकाला हा कायदा समजावून सांगताना माझा नवरा अर्धा सनदी लेखापाल झाला.

आम्ही निवडली ती वॉटरएड ही संस्था. 1981 साली ब्रिटनमधील पाणीपुरवठा क्षेत्रातील लोकांनी ती सुरू केली आणि पाणी, शौचालये व स्वच्छता एवढ्यापुरतेच ती काम करते, हे आम्हाला आवडले. इंग्लंड आणि वेल्समध्ये धर्मादाय संस्थांची सरकारी नोंदवही सर्वांना पाहता येते. नोंदणी क्रमांक, विश्वस्तांची नावे, वर्षाचा जमाखर्च, किती कर्मचाऱ्यांना मोठे पगार आहेत हेही त्यात असते. देणगी मागायला निघालेल्या कुणीही एक संध्याकाळ ही नोंदवही वाचण्यात घालवावी, कारण दहांतील दोन देणगीदार हमखास विचारतात की यातले कार्यालयात किती मुरते, आणि तेव्हा तोंडातल्या तोंडात बोलून चालत नाही.

युगांडा मनात होता तो शेजारच्या गुजराती आजींमुळे. त्या जिंजा या गावच्या, म्हणजे व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल जिथून बाहेर पडते तिथल्या. 1972 साली इदी अमीनने आशियाई वंशाच्या लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितले, तेव्हा त्या ब्रिटनमध्ये आल्या. लेस्टरच्या नगरपालिकेने त्या वेळी युगांडातील वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांना इकडे येऊ नका असे कळवले होते. हजारो कुटुंबे तरीही आली आणि आज या शहराची ओळख त्यांच्यावाचून सांगता येत नाही. वॉटरएडचे युगांडात काम आहे. परंतु अशा मोठ्या संस्थेला दिलेली साधी देणगी एखाद्या गावाच्या नावावर पडत नसते, ती जिथे गरज असेल तिथे वापरली जाते. म्हणून देणगीच्या पानावर 'तुमच्या पैशातून युगांडातील अमुक गावाला हापसा' असले वाक्य आम्ही येऊ दिले नाही. संस्था कुठे काय करते, त्यांपैकी आम्हाला युगांडाची माहिती का महत्त्वाची वाटते, एवढेच लिहिले.

हापशाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण घरातील वाद खरा मिटला तो तिथे. युगांडातील खेड्यांत जो हापसा सर्रास दिसतो, तो भारतात विकसित झालेल्या 'इंडिया मार्क टू' या हापशाचाच तिकडचा अवतार आहे. 1960च्या दशकात आपल्याकडे खडकात बोअर घेतले जाऊ लागले, पण त्यांवर बसवलेले बिडाचे हापसे घरगुती वापराचे असत आणि सबंध गावाने दिवसभर हापसले की मोडून पडत. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या मंडळींनी आणि तिथल्या कारागिरांनी त्यावर पोलादी, दणकट हापसे घडवले. त्यांतील सोलापूरचा हापसा आधार धरून 1970च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने मार्क टू तयार झाला आणि पुढे आफ्रिकेत पोहोचला. सासूबाईंनी हे ऐकल्यावर त्यांचा विरोध मावळला असे नाही, कारण तो विरोध नव्हताच; पण त्या आमच्या बाजूने बोलू लागल्या. फोनवर नणंदेने आपल्याकडच्या गरिबांचा मुद्दा काढला की त्या मध्येच सांगत, "बहात्तर साली आपण परदेशातून आलेली मिलो ज्वारी खाल्ली की नाही? तेव्हा त्यांनी विचारलं का, तुमचे-आमचे म्हणून?"

मग पैसे मागणे. माझ्या मते सगळ्या उपक्रमात सर्वांत अवघड भाग हाच होता. 135 किलोमीटर चालणे त्यामानाने सोपे. आपल्याला वर्गणी मागण्याचा सराव असतो असे मी समजत होते. गणपतीच्या दिवसांत पावतीपुस्तक घेऊन फिरणारी मुले दारात उभी राहतात, गल्लीतले नाते असते आणि शेजाऱ्याने किती दिले हे मागच्या पावतीवरून दिसते. इथे पावतीपुस्तकाच्या जागी संगणकावरचे पान असते, त्यावर देणगीदारांची नावे आणि रकमा ओळीने दिसतात, आणि पहिली रक्कम वीस पौंडांची पडली की पुढच्या चार जणांना दहा देताना संकोच वाटतो. म्हणून जाणती माणसे आधी दोन-तीन उदार मित्रांना गाठतात. आम्हीही तेच केले. मुलीला हे फसवणुकीसारखे वाटले. मला तसे वाटत नाही.

देणगीच्या हिशेबात इथे 'गिफ्ट एड' नावाची तरतूद आहे. ब्रिटनमध्ये प्राप्तिकर भरणाऱ्या माणसाने दहा पौंड दिले आणि एका चौकोनात खूण केली, तर संस्था सरकारकडून आणखी अडीच पौंड मागून घेऊ शकते. कर न भरणाऱ्याने खूण करायची नसते, नाहीतर फरक त्याच्याकडून वसूल होऊ शकतो. म्हणून निवृत्त शेजाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना ते आवर्जून सांगावे लागे. पान चालवणारी कंपनी देणगीच्या वर स्वतःसाठी ऐच्छिक रक्कम सुचवते, तीही आधीच भरून ठेवलेली. ती शून्यावर आणता येते हे ज्यांच्या लक्षात आले नाही असे काही वयस्कर देणगीदार नंतर आमच्यावर रागावले, आणि त्यांचा राग रास्त होता. नवऱ्याच्या कंपनीने कर्मचाऱ्याने जमवलेल्या रकमेइतकीच भर एका मर्यादेपर्यंत घालण्याचे कबूल केले. असा अर्ज आधी करावा लागतो. चालून आल्यानंतर तो घेत नाहीत. प्रवास, मुक्काम आणि जेवण यांचा सगळा खर्च आमचा स्वतःचा आहे, हे वाक्य पानावर सर्वांत वर होते. ते नसेल तर आपण कुणाच्या तरी सहलीचे पैसे भरतो आहोत अशी शंका देणाऱ्याला येते, आणि ती यायलाच हवी.

माझ्या कार्यालयात आम्ही बटाटेवड्यांचा स्टॉल लावला. इथल्या कायद्यात ॲलर्जी होऊ शकणाऱ्या चौदा घटकांची यादी आहे आणि त्यांपैकी पदार्थात काय आहे ते सांगावे अशी अपेक्षा असते. शेंगदाणा त्या यादीत आहे, त्यामुळे सासूबाईंनी हौसेने कुटून आणलेली सोलापुरी शेंगाचटणी वेगळ्या टेबलावर, वेगळ्या चमच्यासह आणि ठळक चिठ्ठीसह ठेवावी लागली. तिला वड्यांहून जास्त गिऱ्हाईक मिळाले.

पानावरच्या छायाचित्रावरून मात्र घरात खटका उडाला. युगांडात पाणी आणण्यासाठी वीस लिटरचा पिवळा कॅन वापरतात. मुळात तो खाद्यतेलाचा असतो आणि भरला की वीस किलोंचा होतो. असा कॅन डोक्यावर घेऊन आम्ही चौघांनी फोटो काढावा, म्हणजे लोकांचे लक्ष वेधले जाईल, असे एका मित्राने सुचवले. मुलीने ठाम नकार दिला. ज्या बाईला रोज ते वजन उचलावे लागते तिचे सोंग घेऊन आपण पार्कात हसत उभे राहायचे, हे तिला पटेना. केविलवाण्या चेहऱ्याच्या मुलांची चित्रेही तिने बाद केली. शेवटी पानावर आमचा साधा फोटो आणि हापशाची माहिती गेली. त्यामुळे पैसे कमी जमले असतील, शक्य आहे. तरी मुलीचे म्हणणे मला योग्यच वाटले. ज्यांच्यासाठी मागतो त्यांना चित्रात लाचार दाखवून मागितलेला पैसा आणि सावकाश समजावून मिळवलेला पैसा संस्थेच्या खात्यात सारखाच दिसतो, पण देणाऱ्याच्या मनात त्या लोकांची जी प्रतिमा राहते ती सारखी नसते.

वाट निवडली ती हेड्रियनच्या भिंतीची. रोमन सम्राट हेड्रियनने इसवी सन 122च्या सुमारास साम्राज्याच्या उत्तर सीमेवर बांधायला घेतलेली ही भिंत आणि तिच्या कडेने 2003 साली खुला झालेला 84 मैलांचा राष्ट्रीय पदपथ पूर्वेला न्यूकॅसलजवळच्या वॉल्सेंडपासून पश्चिमेला सॉल्वे खाडीवरच्या बोनेसपर्यंत जातो. मुलांच्या उन्हाळी सुटीत चालायचे आणि सासूबाईंनी सपाट टप्पे चालून चढाचे टप्पे बसने गाठायचे असा बेत होता. त्या बसचा क्रमांकही एडी 122, म्हणजे इसवी सन 122, असाच आहे, यावर धाकटा मुलगा फार खूश होता. आधी काही आठवडे लेस्टरजवळच्या ब्रॅडगेट पार्कात सराव केला. तिथे सगळ्यांत पुढे सासूबाई असत, साडीवर रेनकोट आणि पायांत नातीचे जुने बूट घालून.

पहिला टप्पा टाइन नदीच्या काठाने, जुन्या जहाजबांधणीच्या धक्क्यांजवळून जातो. भिंत शोधावी लागते. पुढे बराच वेळ वाहत्या रस्त्याच्या कडेने चालावे लागते, कारण अठराव्या शतकात लष्करी रस्ता करताना भिंतीचाच दगड त्याच्या पायासाठी वापरला गेला. हा भाग कंटाळवाणा आहे आणि त्याबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. चॉलरफर्डनंतर मात्र जमीन उचलली जाते, काळ्या कड्यांच्या माथ्यावरून भिंत वरखाली पळू लागते, आणि विन्शील्ड्सच्या 345 मीटर उंचीवर वारा असा आडवा लागतो की दशमीचा तुकडा हातातून उडून मेंढरांपुढे पडतो. भिंतीवर चढू नये, गवतावरून एका रांगेत न जाता शेजारीशेजारी चालावे, म्हणजे पायवाटेचा चर पडून खालचे अवशेष उघडे होत नाहीत, अशी सूचना असते. सिकॅमोर गॅपमधले ते प्रसिद्ध झाड 2023च्या सप्टेंबरात दोघा जणांनी रात्रीतून कापले; त्याच्या बुंध्याभोवती आता कुंपण आहे आणि तळाला कोंब फुटले आहेत.

सर्वांत जास्त वेळ आम्ही थांबलो ते हाउसस्टेड्सच्या किल्ल्यात, आणि तेही शौचालयापाशी. सुमारे आठशे सैनिकांच्या या ठाण्यात, उताराच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात, सामायिक शौचालयाचे दगडी बांधकाम शाबूत आहे. दोन्ही बाजूंना बैठकींसाठी खोल चर, मध्ये हात आणि साफसफाईचे स्पंज धुण्याची अरुंद पन्हळ, आणि शेजारी पावसाचे पाणी साठवणारी दगडी टाकी. डोंगरमाथ्यावर झरा नाही, म्हणून छपरांवरचे पाणी वळवून टाकीत आणायचे आणि तेच पाणी मैला वाहून नेण्यासाठी सोडायचे अशी ती रचना होती. टाकीच्या दगडी फळ्यांचे सांधे शिशाने भरलेले आणि वरच्या कडा झिजलेल्या आजही दिसतात. मुलगा त्या कडेच्या खाचेवर बोट फिरवत होता. मुलीने आपल्या प्रकल्पातला दुसरा आकडा तिथे काढला. 2022 साली 41 कोटी 90 लाख लोक उघड्यावर शौचाला जात होते. सासूबाई टाकीभोवती दोनदा फिरल्या आणि म्हणाल्या, "पाणी कुठून आणायचं ते आधी ठरवलं, मग संडास बांधला. आमच्याकडं संडास आधी बांधला, पाण्याचं कुणी बघितलंच नाही." अनुदानाच्या शौचालयांत सरपण ठेवलेले त्यांनी पाहिले आहे. वॉटरएडसारख्या संस्था पाणी आणि शौचालय यांचे काम एकत्र का धरतात, हे त्यांनी कुठलाही अहवाल न वाचता सांगितले होते.

त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या पिशव्या पुढच्या मुक्कामी पोहोचवणाऱ्या कंपनीने त्या भलत्याच गावी टाकल्याचे कळले. सगळे ओलेचिंब होतो. उतरलो होतो त्या पबच्या मालकिणीने कपाटातले कोरडे स्वेटर काढून दिले, आम्ही कशासाठी चालतो आहोत ते विचारले आणि बारवर एक रिकामी बरणी ठेवून दिली. सकाळी त्या बरणीत बऱ्याच नोटा होत्या. तोपर्यंतचा बहुतेक पैसा ओळखीच्या लोकांचा होता. हा संपूर्ण अनोळखी माणसांचा. त्यांना आमच्या पानावरचे एक अक्षरही ठाऊक नव्हते. एक म्हातारी नातवंडांबरोबर पावसात चालते आहे एवढे त्यांनी पाहिले होते. सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी मला तिथे मिळाले. चालणाऱ्याला जेवू घालणारे आणि चालणाऱ्याच्या बरणीत पैसे टाकणारे, दोघांनाही द्यायला समोर कुणीतरी लागते.

कार्लाइलनंतर वाट ईडन नदीच्या काठाने खाली उतरते आणि शेवटी सॉल्वेच्या दलदलीच्या कडेला येते. तिथे मोठ्या भरतीला रस्ता पाण्याखाली जातो, म्हणून भरतीच्या वेळा आधी पाहून निघावे लागते. मुलाच्या टाचेला फोड आले होते. त्यांवर औषधाच्या दुकानातली पट्टी लावावी की खोबरेल, यावर आजी आणि आई यांच्यात एकमत न झाल्याने एका पायाला पट्टी आणि दुसऱ्याला खोबरेल लागले. बोनेसला पोहोचल्यावर त्याने आपल्या पदपथाच्या पासपोर्टवर, म्हणजे टप्प्याटप्प्याने शिक्के मारून घ्यायच्या कार्डावर, शेवटचा शिक्का मारून घेतला.

ठरवलेली रक्कम कंपनीची भर धरून ओलांडली गेली. पान आम्ही लगेच बंद केले नाही, कारण चालून झाल्यावर देणारे लोकही असतात. ते आधी खात्री करून घेतात. वड्यांचे आणि बरणीचे रोख पैसे आम्ही दोघांनी समोरासमोर मोजून बँकेमार्फत भरले. वड्यांच्या विक्रीच्या पैशांवर आम्ही गिफ्ट एडची खूण केली नाही, आणि बरणीतल्या रकमेवरही, देणाऱ्याने नाव-पत्त्यासह लिहून दिल्याशिवाय, केली नाही.

त्यानंतर मुलीने एक गोष्ट शोधून काढली, तिच्यामुळे आमचा पुढचा बेत बदलला. हापसा बसवण्याचा खर्च देणारे मिळतात. तो चालू ठेवण्याचा खर्च देणारे कमी. दट्ट्याचे वायसर झिजतात, सळ्या तुटतात आणि जमिनीतले पाणी आम्लधर्मी असले तर जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळ्या गंजून पाणी तांबडे येते. मग बायका पुन्हा ओढ्याकडे वळतात. त्यासाठी गावात पाणी समिती लागते, दरमहा थोडी वर्गणी लागते, हत्यारे आणि सुटे भाग असलेला मिस्त्री हाकेच्या अंतरावर लागतो, आणि या सगळ्याला वर्षानुवर्षे कुणीतरी पाठबळ द्यावे लागते. ब्रिटिश सरकारने राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के रक्कम परदेशी मदतीला देण्याचे बंधन 2015 साली कायद्यात घातले होते. 2021 साली ती 0.5 टक्क्यांवर आणली आणि 2027पर्यंत 0.3 टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले आहे. अशा वेळी एकदा येणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येणारी लहान रक्कम अशा कामांना अधिक उपयोगी पडते, असे माझे मत झाले आहे.

म्हणून आम्ही दरमहा बँकेतून आपोआप जाईल अशी रक्कम बांधून घेतली आणि ज्या देणगीदारांनी पुढच्या वर्षी कुठे चालणार असे विचारले, त्यांनाही तोच अर्ज पाठवला. काहींनी तो भरला. काहींनी कळवले की तुम्ही चालाल तेव्हा देऊ. त्यांच्यासाठी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा चालावे लागेल. सासूबाईंचा व्हिसा तोवर संपलेला असेल. त्या आषाढीला पंढरपूरला जाणार आहेत.